पाठमोरी दवंडी

"दगडू, दोन घागरी पाणी आण. फरशी धू."

सरपंच एवढंच म्हणाला. ओरडला नाही, जागचा उठला नाही. हातात अर्धवट चुना लावलेलं पान होतं, ते तसंच धरलेलं. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलंही नाही. बघितलं ते माझ्या पायांकडं. मारुतीच्या देवळाच्या तीन पायऱ्या चढून मी सभामंडपात उभी होते. समोर भिंतीवर ग्रामपंचायतीचा फळा, फळ्यावर चिकटवलेला सरकारी कागद. मी तो वाचत होते. अर्धा वाचून झाला होता.

त्याला मी अहोजाहो करणार नाही. तेव्हा केलं, ते पुष्कळ झालं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. अणदूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. विहिरींचे तळ दिसत होते. गुरं कधीच बाजारात गेली होती, नाहीतर मेली होती. आमच्या वस्तीच्या बाया सरपंचाच्या मळ्यातल्या विहिरीवर दुपारपर्यंत उभ्या राहायच्या. हात लावायचा नाही, पुढं सरकायचं नाही. गड्याच्या मनात आलं की तो वरून कळशीत धार धरायचा. घरात माणसं सहा असोत की दहा, कळशी एक. अशा त्या दिवसांत दगडूनं दोन भरलेल्या पितळी घागरी आणल्या आणि मी जिथं उभी होते तिथं ओतल्या. मला आधीच खाली उतरवलं होतं. मी पायरीखाली उभी राहून बघत होते.

माझ्यासोबत आई होती. आम्ही दोघी रस्त्याच्या कामावरून, खडी फोडून, सरळ तिकडं गेलो होतो. आईच्या हातात रिकामा तांब्या होता. मंडपातलं पाणी कडेच्या पन्हळीतून खाली येऊ लागलं तशी आई पुढं झाली आणि तिनं तांब्या त्या धारेखाली धरला.

वर बसलेली चार-पाच माणसं हसली. त्यातला एकजण म्हणाला, "पी, पी. तुझ्याच लेकीच्या पायाचं तीर्थ हाय."

मी आईच्या हातातला तांब्या ओढला आणि जमिनीवर उपडा केला. आईनं माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. पाणी सांडलं म्हणून मारली.

खरं सांगते, त्या दिवशी मला सरपंचापेक्षा आईचाच राग जास्त आला. घरी जाईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिला लाज कशी वाटली नाही, हेच डोक्यात घोळत होतं. तिला तहान लागली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं जावी लागली. आणि या सगळ्या गोंधळात कागदावरची तारीख वाचायची राहून गेली.

ती तारीख आम्हाला फार हवी होती. खडीच्या कामावर शेजारच्या गावची एक बाई होती, आमच्यातलीच. तिनं सांगितलं होतं की सरकार दुष्काळात वस्त्यांना पिण्याच्या पाण्याच्या विहिरी देतंय, त्यांच्या वस्तीत तर खोदाई सुरू झालीय. तुमच्या गावालाही मंजूर आहे, तुमच्या पंचायतीच्या फळ्यावर लागलं असेल, बघा म्हणाली. मी सातवी पास. वस्तीत वाचता येणारी तेव्हा मी एकटीच. दोन तरणी पोरं शिकलेली होती, ती पुण्याकडं कामाला गेलेली. म्हणून मी पायऱ्या चढले. काही क्रांती करायला चढले नव्हते. वाचायला चढले होते.

वाचलं ते इतकंच, की मागासवर्गीय वस्तीसाठी विहीर मंजूर झाली आहे, जागा ठरवण्यासाठी ग्रामसभा बोलावली आहे, वस्तीतल्या लोकांनी हजर राहून संमती द्यायची आहे. खाली तारीख आणि वेळ होती. तिथं माझी नजर पोचली नाही.

आता कुणी विचारेल, गावात दवंडी नव्हती का. होती. तिची गंमत ऐका.

पूर्वी गावची दवंडी आमच्याच घरांकडं होती. दवंडी द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, वेस झाडायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा मी आईच्या पोटात होते. आमच्या माणसांनी ही सगळी कामं एका दिवसात टाकली. भिवा आबा, माझ्या वडिलांचे चुलते, वस्तीत सगळ्यांत वडील. शेवटची दवंडी त्यांनीच दिलेली. त्यांनी डफडं फोडलं, त्याचं लाकडाचं कडं चुलीत घातलं आणि त्यावर चहा केला. हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्हा पोरींना पाठ होतं. सांगताना त्यांची छाती फुगायची.

पण एका गोष्टीचा विचार त्या दिवशी कुणी केला नाही. दवंडी आमच्याकडं होती तोवर गावातली प्रत्येक खबर आमच्या तोंडातून जायची. काम सोडलं ते बरोबर केलं. खबरीचं दुसरं दार मात्र कुणी बघून ठेवलं नाही. गावानं तेवढंच हेरलं. पुढं पंचायतीचा शिपाई दगडू पत्र्याचा डबा बडवत गावभर फिरायचा, सगळ्या आळ्या घ्यायचा, आणि आमच्या वस्तीच्या अलीकडं जो लिंब आहे, तिथपर्यंत येऊन वळायचा. वळून मग बोलायचा. तोंड गावाकडं, पाठ आमच्याकडं. डबा ऐकू यायचा, शब्द नाही. उद्या काहीतरी आहे एवढं कळायचं. काय आहे ते परवा कळायचं, संपल्यावर.

असं काय काय संपलं ते मी सांगू शकते. लहान पोरांना वाटायची सुकडी आली आणि संपली. देवी टोचणारे येऊन गेले. रेशनची मिलो ज्वारी आली, आमचा नंबर लागेपर्यंत पोत्याच्या तळाची माती राहिली. सातवीनंतर पुढं शिकायला मदत मिळायची, त्याचा अर्ज पंचायतीत भरून द्यायचा होता. माझा नंबर वर्गात पहिला. अर्जाची मुदत संपल्यावर चार दिवसांनी गुरुजींनी विचारलं, का गं, भरला नाहीस? मी खडी फोडायला लागले ती तिथून.

फळ्यापाशी तो प्रकार झाल्यावर भिवा आबा आधी ग्रामसेवकाकडं गेले. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तो सायकलवर एक पाय टेकवून उभा राहिला. आबांनी तारीख विचारली. तो म्हणाला, फळ्यावर लावलंय की, वाचत जा. आणि पायडल मारून गेला. वाचायला गेलेल्या पोरीचं काय झालं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तो त्याच मंडपात बसला होता, पाणी पायांना लागू नये म्हणून त्यानं धोतर वर धरलं होतं.

मग आबा सरपंचाकडं गेले. पंचायतही त्याचीच, सोसायटीचा चेअरमनही तोच. बियाणं पाहिजे तर त्याच्या दारात, पाणी पाहिजे तर त्याच्या विहिरीवर. तो आबांशी गोड बोलला म्हणे. म्हणाला, तुमची माणसं उगाच फळ्यापर्यंत येतात, गावाच्या मनाला लागतं. त्यापेक्षा तुमच्यातल्या एकानं दवंडी परत धरावी. म्हणजे खबर आधी तुम्हाला, मग गावाला. विहीर काय, सगळंच मिळेल.

आबा परत आले आणि वस्ती गोळा झाली. मला वाटलं होतं ते चिडून आले असतील. तसं नव्हतं. त्यांची सून चार दिवसांची बाळंतीण होती आणि घरात बाळाचे कपडे धुवायला पाणी नव्हतं. ते खाली बघत बोलले.

"म्या सोडली व्हती, म्याच धरतो. तुमी कुणी धरू नका."

बायका पदर तोंडाला लावून बसल्या. ज्या माणसानं डफड्याच्या कड्यावर चहा केला, तो सत्तरीत पुन्हा डफडं गळ्यात अडकवायला निघाला होता, आणि लाज आपल्या एकट्याच्या अंगावर घेतो म्हणत होता. मला रडू आलं आणि संतापही आला. मी म्हणाले, आबा, दोन दिवस थांबा, मी तालुक्याला जाऊन तारीख काढून आणते. मोठ्या माणसांत मध्येच बोलले म्हणून आईनं मला डोळे दाखवले. पण आबा थांबायला तयार झाले. थांबायला तयार झाले याचा अर्थ त्यांनाही ते करायचं नव्हतं.

मला तालुक्याला जावंच लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी दगडू आणि भाऊसाहेब आमच्या वस्तीत आले. लिंबापाशी थांबले नाहीत, थेट आमच्या अंगणात. दगडूच्या काखेत पंचायतीची ठरावाची वही आणि हातात शाईचा पॅड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पंचायत आमच्या दारात आली होती, आणि ती अंगठे न्यायला आली होती. ग्रामसभा आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

दगडू वाईट माणूस नव्हता. त्याच्याही घरी खायचे वांधेच होते. त्यानं आबांना तंबाखू पुढं केली. म्हणाला, विहिरीचं काम आहे, पटापट अंगठे द्या म्हणजे कागद वर जाईल. वस्तीत आनंद झाला. आबांनी पॅडवर अंगठा दाबला. त्यांच्यामागं आई. तिचा अंगठा निळा झाला आणि ती वहीकडं वाकली.

मी तिचं मनगट धरलं.

"आधी वाचू द्या," मी दगडूला म्हणाले.

"त्यात वाचायचं काय? हिरीचं हाय."

मी वही ओढून घेतली. भाऊसाहेब अंगावर आला, पण मधे आबा होते, बायका होत्या, तो थांबला. मी मोठ्यानं वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वस्तीत पंचायतीचं लिहिणं शब्द न् शब्द वाचलं जात होतं. लिहिलं होतं की मारुती मंदिराच्या सभामंडपात ग्रामसभा झाली. सभेला वस्तीतले सर्व नागरिक हजर होते. खाली नावांची यादी, आबांचं नाव, आईचं नाव. वस्तीतली जागा खडकाळ असल्यानं वस्तीची विहीर सरपंचांच्या मळ्याच्या बांधाला खोदावी, अशी वस्तीनंच एकमुखानं विनंती केली.

म्हणजे आमच्या नावावर त्याला दुसरी विहीर मिळणार होती. आणि आम्ही पुन्हा त्याच्याच गड्यासमोर कळशी धरून उभ्या. याचा राग आलाच. पण त्याहून जास्त आग माझ्या डोक्यात शिरली ती एका शब्दानं. हजर. ज्या फरशीवर मी चार ओळी वाचेपर्यंत उभी राहिले म्हणून ती धुवावी लागली, तिथं म्हणे आमची अख्खी वस्ती बसली होती, चर्चा करत होती, विनंती करत होती.

मी वही मिटून भाऊसाहेबाच्या हातात दिली. कुणी अंगठा देणार नाही म्हणाले. आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग पानी तू आननार हाईस का?" तरीही तिनं अंगठा दिला नाही. आबा खाली बसले आणि अंगठा मातीत घासू लागले. शाई काढायला घरात पाणी नव्हतं.

त्याची शिक्षा लगेच सुरू झाली. सरपंचाच्या गड्यानं दुसऱ्या दिवसापासून धार बंद केली. आमच्या बाया पहाटे उठून ओढ्यात झिरे खणायला जाऊ लागल्या. एका झिऱ्यात वाटीवाटीनं पाणी यायचं, त्यात वाळू असायची. वस्तीत माझ्याशी कुणी नीट बोलेना. दोन बुकं शिकली आणि आमच्या तोंडचं पाणी घालवलं, असं बाया माझ्या देखत म्हणायच्या. त्यांचं खोटं नव्हतं.

मी फक्त एक केलं. घडलं तसं सगळं कागदावर लिहिलं. फळा, फरशी, दगडूची वही, सगळं. मग घरोघर गेले. ज्यांना राग होता त्यांच्याही घरी गेले, पूर्ण वाचून दाखवलं, आणि ज्याला पटेल त्यानं अंगठा द्यावा म्हणाले. तीन घरांनी नाही दिला. आईनं सगळ्यांच्या शेवटी दिला. तो अर्ज मी स्वतः तालुक्याला नेऊन दिला.

महिनाभरानं तालुक्याहून विस्तार अधिकारी जीपमधून आले. पुन्हा ग्रामसभा. पुन्हा तोच मंडप. अधिकारी खुर्चीवर, सरपंच शेजारी, गाव सतरंजीवर. आम्ही खाली, उन्हात, पायरीच्या अलीकडं. वर या असं कुणी म्हणालं नाही. अधिकारी शिकलेले होते, ते सगळं बघत होते आणि दिसत नसल्यासारखं करत होते.

त्यांनी वरूनच सांगितलं, विहीर वस्तीतच होईल, सरपंचांचीही हरकत नाही. सरपंचानं मान डोलावली. आमच्यात एकदम गलका झाला. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग भाऊसाहेबानं नवा ठराव वाचला. पहिलंच वाक्य, सभेला वस्तीतील सर्व नागरिक हजर होते. दगडू वही घेऊन तीन पायऱ्या उतरून खाली आला. पॅड पुढं केला.

मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "आमी हजर न्हाय, साहेब. आमी भाईर हाव. तसं लिव्हा, मग अंगठे घ्या."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांना माहीत होतं की वस्तीला पायरीखाली उन्हात उभं केलं होतं, एवढं एक वाक्य सरकारी वहीत उतरलं तर काय होतं. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे, हे त्यांच्या कचेरीतल्या भिंतीवर लिहिलेलं मी अर्ज द्यायला गेले तेव्हा वाचलं होतं. सरपंचालाही माहीत होतं. त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला मी बघितला.

तो म्हणाला, असं आडवं लावलं तर मंजुरी परत जाईल, विहीर दुसऱ्या गावाला जाईल, आणि त्याला कारण ही पोरगी असेल. हे तो मला म्हणाला नाही. माझ्या मागच्या माणसांना म्हणाला. मला मागं वळून बघायची छाती झाली नाही. विहीर वस्तीत, पाणी दारात, आणि अडलं ते माझ्या एका वाक्यापाशी. त्या क्षणी कुणी मला बाजूला ढकललं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

दगडूनं पॅड आईपुढं धरला. आईनं हाताची मूठ केली, अंगठा आत घेतला, आणि मूठ पदराखाली घातली. म्हणाली, "पोरगी म्हनती तसं लिव्हा."

मग आबांनीही हात मागं घेतला. मग बाकीच्यांनी. ज्या तीन घरांनी अर्जावर अंगठा दिला नव्हता, त्यांनीही.

ते वाक्य त्यांनी लिहिलं नाही. वही मिटली, जीप गेली. विहीर त्या वर्षी परत गेली. आम्ही तो उन्हाळा झिऱ्यांवर काढला. गोड शेवट ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं उठावं. आईचे पाय त्या उन्हाळ्यात कायमचे अधू झाले. ती मला त्यावरून कधी बोलली नाही, पण तिच्या चालण्यात ते दिसायचं.

मी त्यानंतर तालुक्याला जातच राहिले. आमच्या गावाचा जो कागद निघेल त्याची नक्कल हातानं उतरवून आणायची आणि वस्तीच्या मधोमध उभं राहून वाचायची, हे काम मी धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या सांगण्यावरून सोडणारही नाही. वस्तीतल्या बारा बायांना मी नाव लिहायला शिकवलं, आईला सगळ्यांत आधी. विहिरीचा अर्ज दरवर्षी जातो. त्यात दरवर्षी तेच लिहिलेलं असतं.

आणि वही घेऊन येणाऱ्यांना एकदाच सांगते. आम्ही हजर आहोत असं लिहायचं असेल, तर आधी आत बसायला जागा करा. बाहेर ठेवायचं असेल, तर बाहेर ठेवलं असं लिहा आणि खाली स्वतःची सही करा. या दोन्हींतलं काही जमत नसेल, तर तहानेनं मेलो तरी आमच्या वस्तीचा एकही अंगठा मिळणार नाही. वही कोरी घेऊन जा.